लोइस वेबर: कॅमेऱ्यासमोरून कॅमेऱ्यामागे

दोन घरं शेजारी शेजारी. एका घरात चांभारकामातून वर आलेलं, खाऊनपिऊन सुखी कुटुंब. दुसऱ्या घरात कॉलेजातले प्राध्यापक, त्यांची बायको आणि वाचनालयात नोकरी करणारी मुलगी. मुलगी आजारी पडलेली आहे, तिला पोटात काहीतरी पौष्टिक जायला हवं आणि घरात पैसा नाही. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात कोंबडी आहे. आई खिडकीतून हात घालते, कोंबडी उचलते, थबकते आणि परत जागेवर ठेवते. मुलीला मात्र आईनं कोंबडी उचललेली तेवढी दिसते. ती परत ठेवलेली तिला दिसत नाही.

'द ब्लॉट' या १९२१ सालच्या अमेरिकन मूकपटातला हा प्रसंग. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दिग्दर्शकाचं नाव नीट वाचलंही नव्हतं. एवढंच जाणवलं, की गरिबीची लाज कशी असते हे ठाऊक असलेल्या कुणीतरी हा प्रसंग रचला आहे. त्या आईचा हात ज्या तऱ्हेनं पुढे जातो आणि मागे येतो, ती तऱ्हा फक्त पटकथेतून येत नाही. स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्या माणसालाच ती सांगता येते.

ते माणूस म्हणजे लोइस वेबर. आधी नटी, मग दिग्दर्शक. १९१६च्या सुमारास आठवड्याला ५,००० डॉलर अशी तिच्या पगाराची चर्चा होती आणि अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या दिग्दर्शकांत तिचं नाव घेतलं जाई. १३ नोव्हेंबर १९३९ला लॉस एंजेलिसमध्ये ती गेली तेव्हा अंत्यविधीचा खर्च तिची जुनी सहकारी, पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिनं उचलला. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं काय घडलं, हा या प्रकरणाचा विषय आहे. 'काळ बदलला आणि ती मागे पडली' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

पियानो, रस्ता, रंगमंच

तिचा जन्म १३ जून १८७९चा, पेनसिल्व्हेनियातल्या अलेगेनी शहरातला. हे शहर पुढे पिट्सबर्गमध्ये सामावलं गेलं. घर धार्मिक. लहानपणापासून पियानो शिकलेली आणि मैफलीत वाजवण्याइतकी तयार. एका जाहीर कार्यक्रमात पियानोची पट्टीच निखळून हातात आली आणि त्यानंतर मैफली संपल्या, असं ती सांगत असे. मग चर्चच्या सेवाकार्यात शिरून तिनं रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून भजनं म्हटली, गरीब वस्त्यांत फिरली. तिथं पाहिलेल्या बायका तिच्या चित्रपटांतून पुन्हापुन्हा भेटतात. रस्त्यावर थांबून दहा माणसांना उपदेश करण्यापेक्षा रंगमंचावरून हजारांना सांगता येईल, हे तिच्या मनानं घेतलं. ती नाटकात गेली ती या ओढीनं. १९०४मध्ये एका फिरत्या नाटक कंपनीत तिला फिलिप्स स्मॉली भेटला आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

नाटकातून सिनेमात ती आली १९०८च्या सुमारास, गोमाँ या फ्रेंच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत. गोमाँ तेव्हा 'क्रोनोफोन' नावाचे बोलपट काढत होती. पडद्यावरचं चित्र आणि तबकडीवरचा आवाज जुळवून दाखवायचा, असा तो खटाटोप. गाण्याची आणि अभिनयाची तयारी असलेली बाई त्यांना हवीच होती. तिथं ती अभिनय करायला गेली आणि लिहायलाही लागली.

सगळ्यांनी सगळं करायचं, तो काळ

नटीची दिग्दर्शक झाली कशी, याचं उत्तर पराक्रमापेक्षा कामाच्या पद्धतीत जास्त सापडतं. पुढे ती दिग्दर्शक एडविन पोर्टर याच्या रेक्स या चित्रपट कंपनीत गेली. चित्रपट तेव्हा एका रिळाचे असत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे, आणि ठरलेल्या वेळापत्रकानं एकामागून एक द्यावे लागत. माणसं मोजकीच. ज्यानं गोष्ट लिहिली त्यानंच उभं राहून काम करायचं, सेट लागला की नाही बघायचं आणि रीळ कापायलाही बसायचं. दिग्दर्शन हे वेगळ्या खोलीतलं, वेगळ्या दारावर पाटी लावलेलं काम अजून झालं नव्हतं. म्हणून बाईसाठी ते दार बंदही नव्हतं, कारण तिथं दारच नव्हतं. १९१२मध्ये रेक्स नव्या युनिव्हर्सल कंपनीत सामील झाली, पोर्टर निघून गेला आणि रेक्सचा कारभार वेबर-स्मॉली जोडप्याच्या हाती आला. दोघं कॅलिफोर्नियाला आली.

तिनं कॅमेऱ्याचं काम किती लवकर आत्मसात केलं ते १९१३च्या 'सस्पेन्स'मध्ये दिसतं. कथा साधी आहे. गावाबाहेरचं एकाकी घर, मोलकरीण नोकरी सोडून निघून जाते, घरात बाई आणि तान्हं बाळ, बाहेर एक भटक्या दरवाजा शोधतोय. बाई नवऱ्याला फोन करते. त्या काळात असे प्रसंग एकानंतर एक दृश्य जोडून दाखवत. लोइसनं पडदाच तीन त्रिकोणांत कापला. मधल्या त्रिकोणात ऑफिसमधून फोनवर बोलणारा नवरा, एका कोपऱ्यात घाबरलेली बायको, दुसऱ्या कोपऱ्यात आत शिरू पाहणारा भटक्या. एकाच क्षणी तिन्ही ठिकाणी नजर. मग नवरा कुणाचीतरी मोटार पळवून घराकडे धावतो, मागे पोलीस, आणि पाठलाग करणारी गाडी आपल्याला त्याच्याच मोटारीच्या आरशात दिसते. वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाई खाली वाकून बघते तेव्हा भटक्या सरळ कॅमेऱ्यात वर बघतो. तो चेहरा बघून आजही अंगावर काटा येतो. त्या बाईची भूमिका लोइसनंच केली आहे, म्हणजे भीतीच्या चौकटीत ती स्वतः उभी होती आणि ती चौकट आखतही तीच होती.

१९१४मध्ये तिनं स्मॉलीबरोबर शेक्सपिअरच्या नाटकावरून 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' केला. स्वतः पोर्शिया झाली, तो शायलॉक. अमेरिकन बाईनं दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. चित्रपट आज उपलब्ध नाही.

उपदेश आणि सेन्सॉर

१९१५च्या 'हिपोक्रिट्स'नं ती देशभर गाजली. दांभिकपणावरचा हा चित्रपट आहे आणि त्यात 'सत्य' एका विवस्त्र तरुणीच्या रूपात, धूसर, एकावर एक चित्र टाकून, माणसांच्या घरात फिरताना दाखवलं आहे. हातात आरसा घेतलेलं हे सत्य राजकारणी, श्रीमंत, प्रेमिक अशा सगळ्यांना त्यांचं खरं रूप दाखवतं. गंमत म्हणजे चित्रपटानं ज्यांच्यावर बोट ठेवलं तेच लोक नग्नतेवरून ओरडले. कलाकृती म्हणून मला तो अर्धाच आवडतो. प्रतिमा सुंदर आहेत, पण प्रत्येक प्रतिमेवर अर्थाची पाटी लावलेली आहे. रस्त्यावरची प्रचारक इथं नटीपेक्षा मोठ्यानं बोलते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओहायो राज्याच्या खटल्यात निकाल दिला, की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे आणि त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. या निकालानं राज्याराज्यांतल्या सेन्सॉर मंडळांना बळ मिळालं. समाजातल्या दुखऱ्या जागांवर चित्रपट काढणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ असा, की प्रत्येक चित्रपट प्रत्येक राज्यात नव्यानं लढवायचा.

आणि ती लढली. १९१६ हे तिचं सर्वांत भरगच्च वर्ष. जगप्रसिद्ध नर्तकी आना पाव्हलोव्हाला घेऊन तिनं 'द डम्ब गर्ल ऑफ पोर्टिची' हा भव्य ऐतिहासिक चित्रपट केला. दिग्दर्शकांच्या व्यावसायिक संघटनेत प्रवेश मिळालेली ती पहिली बाई ठरली. त्याच वर्षी 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' आला. संततिनियमनाची माहिती टपालानं पाठवणं गुन्हा होता, अशा काळात हा चित्रपट संततिनियमनाच्या बाजूनं उभा राहिला. गर्भपाताच्या मात्र तो ठाम विरोधात होता. पेनसिल्व्हेनियात त्यावर बंदी आली, इतरत्र गर्दी उसळली.

या चित्रपटाबद्दल एक गोष्ट झाकून चालणार नाही. गरिबांना मुलं कमी व्हावीत आणि सधन, 'चांगल्या' घरांतल्या बायकांनी मात्र मातृत्व टाळू नये, असा त्याचा सूर आहे. वंशसुधारणेच्या ज्या कल्पना तेव्हा अमेरिकेत प्रतिष्ठित मानल्या जात होत्या, त्या या चित्रपटात उघड दिसतात. लोइस धाडसी होती म्हणून तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. आज तो बघताना मला अस्वस्थ वाटतं, आणि वाटायलाच हवं.

पाच डॉलर आणि बूट

तिच्या खऱ्या ताकदीचा चित्रपट त्याच वर्षीचा 'शूज' आहे. समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या लेखनातल्या एका निरीक्षणापासून तो निघाला. एव्हा मायर ही स्वस्त वस्तूंच्या दुकानातली विक्रेती मुलगी. पगार आठवड्याला ५ डॉलर, आणि त्यावर आई, बहिणी आणि काम न करता पुस्तक वाचत लोळणारा बाप, असं सगळं घर चालतं. दिवसभर उभं राहून तिच्या बुटांचे तळवे झिजले आहेत. ती पुठ्ठा कापून बुटात घालते. पाऊस आला की पुठ्ठा भिजतो. रात्री ती पाय धुते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुठ्ठा कापते. दुकानाच्या काचेत नवे बूट मांडलेले आहेत आणि आई म्हणते, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात बाप आणखी एक पुस्तक घेऊन बसलेला असतो.

शेवटी एव्हा बुटांसाठी स्वतःला विकते. घरी येते, आईला नवे बूट दिसतात आणि आईला कळतं. त्याच सुमाराला बाप आनंदानं सांगतो, की त्याला काम मिळालं.

इथं कुणी भाषण देत नाही. एव्हा झोपेत असताना दारिद्र्याचा प्रचंड हात तिच्यावर येतो असं एक रूपक मध्येच आहे, तेवढं मला टाळता आलं असतं असं वाटतं. बाकी सगळं बुटांनी, पुठ्ठ्यानं, ओल्या पायांनी सांगितलं आहे. एव्हाचं काम मेरी मॅकलॅरेननं केलं, ती तेव्हा अगदी नवखी होती. नवख्या मुलीकडून इतका आवरलेला अभिनय काढून घेणं, इथं वेबरमधली नटी कामी आली. पाय दुखत असले की माणूस शरीराचा भार कसा बदलतो, काउंटरला कसा टेकतो, हे तिनं त्या मुलीकडून बारकाईनं करून घेतलं आहे.

आठवड्याला पाच हजार डॉलर मिळवणारी दिग्दर्शक आणि आठवड्याला पाच डॉलर मिळवणारी तिची नायिका, हा आकड्यांचा योग माझ्या डोक्यातून जात नाही. पण यश हाताशी असताना तिनं कॅमेरा त्या पाच डॉलरकडे वळवला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

स्मॉलीचा वाटा

या प्रकरणात एक प्रश्न नेहमी येतो. सुरुवातीचे कित्येक चित्रपट 'द स्मॉलीज' या जोडनावानं ओळखले जात. १९२२मध्ये दोघांचा घटस्फोट झाला आणि त्यानंतर तिचं काम आटलं. म्हणून काहींनी निष्कर्ष काढला, की खरा आधार नवरा होता. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. कथा आणि पटकथा तिच्या, आणि सेटवर निर्णय तिचा चालतो हे तेव्हाच्या मुलाखती-वर्णनांतून वारंवार दिसतं. स्मॉली सोबती होता, नट होता, व्यवहारात मदत करत होता. हा वाटा छोटा नव्हे. पण काम आटण्याचं कारण शोधायचं तर घटस्फोटाच्या एक वर्ष आधीचा व्यवहार बघायला हवा.

१९२१

१९१७मध्ये तिनं स्वतःचा स्टुडिओ काढला. लॉस एंजेलिसमधली एक जुनी वाडी, झाडं, बाग आणि घरात वावरल्यासारखं काम. त्याच वर्षी 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल'मध्ये तिनं शेवटची मोठी भूमिका केली. संततिनियमनासाठी लढणाऱ्या बाईची ही भूमिका होती आणि प्रेक्षकांना त्यात त्या चळवळीतली मार्गारेट सँगर दिसणं साहजिक होतं. यानंतर ती जवळजवळ पूर्णपणे कॅमेऱ्यामागे गेली.

१९२०मध्ये पॅरामाउंटचं वितरण असलेल्या कंपनीशी करार झाला. दर चित्रपटाला ५० हजार डॉलर, वर नफ्यात वाटा. कागदावर हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा करार. पण त्याच वेळी उद्योगाची घडी बदलत होती. पॅरामाउंटनं १९१९मध्ये बँकांच्या मदतीनं १ कोटी डॉलर उभे करून थिएटरं विकत घ्यायला सुरुवात केली होती. चित्रपट बनवणारा, वाटणारा आणि दाखवणारा एकच झाला, की स्वतंत्र निर्मात्याचं काय होतं ते सांगायला नको. थिएटर कुणाचं, यावर चित्रपट दिसणार की नाही ते ठरू लागलं. एवढी थिएटरं भरायची तर खात्रीचा माल हवा, म्हणजे तारे हवेत, झगमगाट हवा. पगाराच्या पाकिटावर संसाराची गणितं मांडणारे लग्नसंबंधांवरचे चित्रपट नकोत.

तीन चित्रपटांनंतर पॅरामाउंटनं हात काढून घेतला. तयार असलेले 'व्हॉट डू मेन वाँट?' आणि 'द ब्लॉट' एका छोट्या वितरकामार्फत बाहेर पडले. छोट्या वितरकाकडे मोठी थिएटरं कुठून असणार?

इथं मला 'काळ बदलला' या उत्तराशी भांडायचं आहे. प्रेक्षक तिच्या उपदेशाला कंटाळले, हे थोडं खरं आहे. पण 'द ब्लॉट' हा तिच्या उपदेशातून बाहेर पडलेला चित्रपट आहे. मुद्दा त्यातही आहे: माणसांची मनं घडवणाऱ्या प्राध्यापकाला आणि पाद्र्याला समाज उपाशी ठेवतो. पण तो पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्यांवर कमी आणि विरलेल्या गालिच्यावर, उसवलेल्या खुर्चीवर, पाहुण्यासाठी उसनवारीनं सजवलेल्या चहाच्या टेबलावर जास्त लिहिलेला आहे. शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालणारी मांजरसुद्धा त्या घराची लाज सांगून जाते. तिनं खऱ्या घरांत, खिडकीतून येणाऱ्या उजेडात चित्रीकरण केलं. नायिकेवर प्रेम करणारा श्रीमंत विद्यार्थी लुई कॅलहर्ननं केला आहे, नायिका क्लेअर विंडसर. शेवटी श्रीमंत मुलगा जिंकतो आणि तरुण, गरीब पाद्री रात्री एकटाच वाटेनं निघून जातो. हा शेवट गोड आहे की कडू, याचा निवाडा लोइस करत नाही. १९१५मधली लोइस तो नक्की करून मोकळी झाली असती.

म्हणजे ती थांबली नव्हती. रस्ता बंद झाला तेव्हाच ती सर्वांत चांगलं काम करत होती.

ती एकटी नव्हती, हे दुसरं. १९१०च्या दशकात युनिव्हर्सलमध्ये आयडा मे पार्क, क्लिओ मॅडिसन, ग्रेस क्युनार्ड, रूथ स्टोनहाउस, एल्सी जेन विल्सन अशा कितीतरी बाया दिग्दर्शन करत होत्या. त्यांतल्या बऱ्याचजणी आधी नट्याच. दशक संपता संपता त्या एकामागून एक दिसेनाशा झाल्या. सगळ्यांचीच शैली एकदम जुनी झाली असेल का? मोठं भांडवल आलं, कामाचे विभाग पडले, दिग्दर्शकाच्या दारावर पाटी लागली आणि त्या पाटीवर कुणाचं नाव असावं हे मोठ्या कंपन्यांनी ठरवलं. पुढे १९२७मध्ये डोरोथी आर्झनर दिग्दर्शनात आली तेव्हा मोठ्या स्टुडिओंत ती जवळपास एकटीच होती.

नंतर

घटस्फोटानंतरची काही वर्षं कठीण गेली. १९२३मध्ये तिनं युनिव्हर्सलसाठी स्वतःच्याच जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती केली. १९२६मध्ये तिचं दुसरं लग्न झालं आणि बिली डव्हला घेऊन केलेला 'द मॅरेज क्लॉज' आला. १९२७मध्ये आणखी दोन. मग सात वर्षांची पोकळी आणि १९३४मध्ये हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांत चित्रित केलेला 'व्हाइट हीट', तिचा पहिला आणि शेवटचा बोलपट. सिनेमात ती तबकडीवरच्या आवाजासाठी तोंड हलवत आली होती. सव्वीस वर्षांनी खराखुरा आवाज हाती आला तो एकाच चित्रपटापुरता. त्यानंतर कुणी तिला काम दिलं नाही.

तिनं शंभराहून जास्त चित्रपट केले आणि त्यांतले थोडेच उरले आहेत. 'द ब्लॉट' हरवला असं धरलं जात होतं, तो १९७०च्या दशकात पुन्हा हाती लागला. 'शूज'ची प्रत ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून आली, डच पाट्यांसह. फिल्म इतकी खराब झाली होती, की काही दृश्यांत पांढरे डाग पावसासारखे पडद्यावर उतरतात. त्या डागांमधून एव्हा पुठ्ठ्यावर बूट ठेवते, कडेनं रेघ मारते आणि कात्री उचलते.